कोकणी मतदार डोळे मिटून बटण दाबतो? कुडाळचे निकाल बघा

निवडणूक जवळ आली की आमच्या सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. दर वेळी चार शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: 'सिंधुदुर्गात पक्ष चालत नाही, राणे चालतात. नारायण राणे १९९० पासून एकदाही हरले नाहीत. चिन्ह कुठलंही द्या, कोकणी माणूस डोळे मिटून बटण दाबतो. आणि तसंही इथलं मत मुंबईचा चाकरमानी ठरवतो.' समर्थक हे अभिमानाने पाठवतात, विरोधक मतदाराला नावं ठेवायला. मला राग दोघांचाही येतो. दोघं ज्याला आंधळा म्हणतात, तो मतदार माझ्या घरचा आहे.

'एकदाही हरले नाहीत' हे सरळसरळ चूक आहे. १९९० साली ते मालवणमधून शिवसेनेचे आमदार झाले, १९९९ मध्ये काही महिने मुख्यमंत्री होते. २००५ मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणची पोटनिवडणूक दणदणीत जिंकले. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नाही. या एका पोटनिवडणुकीवरच पुढचा सगळा समज उभा राहिला आहे.

पण २००९ ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली. जिल्ह्यात चार आमदार होते, ते तीन झाले. मालवण नावाचा मतदारसंघच उरला नाही. कुडाळ आणि मालवण तालुके मिळून कुडाळ मतदारसंघ झाला. तिथे राणेंनी शिवसेनेच्या वैभव नाईकांना हरवलं. पाच वर्षांनी, २०१४ ला, त्याच वैभव नाईकांनी राणेंना दहा हजारांहून जास्त मतांनी पाडलं. तेव्हा राणे माजी मुख्यमंत्री होतेच, काँग्रेसच्या प्रचार समितीचे राज्याचे प्रमुखही होते. पुढच्याच वर्षी वांद्रे पूर्वच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा हरले.

२०१४ चं आणखी एक बघा, कारण तो मजकूर पाठवणारे हे हमखास विसरतात. ज्या दिवशी कुडाळने वडिलांना पाडलं, त्याच दिवशी शेजारच्या कणकवलीने मुलाला, नितेश राणे यांना, पंचवीस हजारांच्या आसपास मताधिक्याने आमदार केलं. पक्ष एक, चिन्ह एक, आडनाव एक, तारीख एक. मतदारसंघाच्या हद्दीच्या अलीकडे एक निकाल, पलीकडे दुसरा. आडनावावर मत पडत असतं, तर दोन्हीकडे सारखं पडलं असतं. हीच कणकवली २००९ मध्ये भाजपच्या प्रमोद जठारांकडे गेली होती, तीही अवघ्या ३४ मतांनी. ३४ मतं म्हणजे आमच्याकडच्या एका वाडीतली पाच-सात घरं. जिथे ३४ मतांनी आमदार ठरतो, तिथे लोक डोळे मिटून मत देतात असं कोण म्हणेल?

आता चाकरमान्याचं. यात अर्धं खरं आहे, ते मी मान्य करतो. राणे स्वतः मुंबईच्या राजकारणातून, नगरसेवक आणि बेस्टचे अध्यक्ष होऊन मग मालवणात आले. शिवसेना कोकणात रुजली तीही परळ-लालबागहून गावी येणाऱ्यांमुळे. पण ज्याचं नाव भांडुपच्या यादीत आहे, त्याला कुडाळात मत नाही. ज्याचं नाव गावी आहे, त्याची रजा गणपतीत संपलेली असते. काही गाड्या भरून येतात, तेवढ्यावर सगळा हिशेब होत नाही. केंद्रावरच्या रांगेत उभ्या असतात त्या बायका. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे सिंधुदुर्गात १०३६ आणि रत्नागिरीत ११२२ बायका होत्या. पुरुष मुंबईत आणि घर, शेत, मत बाईच्या अंगावर.

२०१४ चं मतदान ऐन भातकापणीत आलं होतं. आमच्या शेजारच्या काकी सकाळी लवकर एक चोंडा, म्हणजे शेताचा एक तुकडा, कापून केंद्रावर आल्या. लुगड्याला भाताचं कूस चिकटलेलं, कोयती शाळेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवलेली. बाहेर आल्यावर बोटाची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून चालत होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "झिल फोनार सांगी होतो ह्येका घाल म्हणान. मी हां म्हटलंय. मत माझा, मिया माका व्हया थंय घातलंय." म्हणजे मुलगा फोनवर 'याला दे' म्हणत होता, त्या हो म्हणाल्या आणि मत हवं तिथे दिलं. कुणाला घातलं ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही, मीही विचारलं नाही.

राहिलं 'चिन्ह कुठलंही द्या'. याची तर थेट परीक्षाच झाली आहे. २०१७ मध्ये राणेंनी स्वतःचा महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष काढला. २०१९ च्या लोकसभेला नीलेश राणे त्याच पक्षातून रत्नागिरी-सिंधुदुर्गात उभे राहिले. नाव तेच, फक्त पक्ष नवा. शिवसेनेच्या विनायक राऊतांनी त्यांना पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. त्याच वर्षी तो पक्ष भाजपमध्ये विलीन झाला. २०२४ ला नारायण राणे त्याच मतदारसंघातून खासदार झाले ते कमळावर. चिन्हाने काहीच फरक पडत नसता, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये नीलेश राणेंना भाजपमधून शिंदेंच्या शिवसेनेत जाऊन धनुष्यबाण घ्यावा लागला नसता. कुडाळची जागा शिवसेनेच्या वाट्याची होती आणि त्या चिन्हाची किंमत राणेंइतकी कुणाला ठाऊक? १९९० ला वडील त्याच चिन्हावर आले होते, २०१४ ला त्याच चिन्हाने पडले होते.

कुणी म्हणेल, मग पक्ष न सोडणाराच कोकणात टिकतो. तेही नाही. दापोलीत सूर्यकांत दळवी शिवसेनेतूनच पाच वेळा आले आणि २०१४ ला पडले. २०२४ ला उद्धव ठाकरेंबरोबर राहिलेले राजन साळवी राजापुरात आणि वैभव नाईक कुडाळात हरले. तिकडेच राहिलेले भास्कर जाधव गुहागरात निवडून आले. २००४ ला शिवसेनेने तिकीट नाकारलं म्हणून हेच जाधव चिपळूणमध्ये अपक्ष उभे राहिले होते, तेव्हा मात्र हरले.

आणि २०२४ चा कुडाळचा निकालही पूर्ण वाचा. नीलेश राणे आठ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. मशाल घेऊन हरलेल्या वैभव नाईकांनाही सत्तर हजारांच्या वर मतं आहेत. ही मतं देणारी माणसंही याच दोन तालुक्यांतली आहेत.