एवढ्या खोलात कोण जातं?

आज चाळीसगावात एका व्याख्यानाला गेले आणि डोकं तापवून घरी आले. विषय होता शेजारी देशांशी आपले संबंध. वक्त्यांनी दहा वेळा तरी 'चाणक्य सांगून गेलाय' म्हटलं, आणि दरवेळी अर्थ एकच, ठोका! शेवटी मी विचारलं, सर, हे चाणक्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथात कुठल्या अधिकरणात, म्हणजे भागात आहे? सभागृह हसलं. "ताई, एवढ्या खोलात कोण जातं?"

कोण जातं म्हणजे? अर्थशास्त्राची अधिकरणं अवघी १५. सातव्यात कौटिल्य, म्हणजे चाणक्यच, स्वच्छ सांगतो की संधी (तह) आणि विग्रह (युद्ध) दोन्हींत सारखाच लाभ दिसत असेल तर संधी करावी, कारण युद्धात माणसं जातात, पैसा जातो, घरदार सोडून परमुलखात राहावं लागतं. इतका हिशेबी माणूस, आणि त्याच्या तोंडी वाट्टेल ते घालता?

खोलात जाणं काय असतं ते मला शाळेतच कळलं. आमच्या सरांनी चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाची ओळ फळ्यावर लिहिली होती. शके ११२८, म्हणजे यादवांचा सिंघण गादीवर, आणि आपल्या भागात त्याचं मांडलिक निकुंभ घराणं. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि पाटणच्या बाजारातल्या मालावरचं राजाचं उत्पन्न त्या 'मढा दीन्हला', म्हणजे मठाला दिलं. घरी येऊन मी आजीला ते वाचून दाखवलं. ती चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग त्यामा काय नवं शे? आपुनबी त दिन्हाच म्हंतस."

आठशे वर्षांपूर्वीचा दगड आणि आजीची अहिराणी! माझ्या अंगावर काटा आला होता. आत्ता लिहितानाही येतोय.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या पोथीवरून आजचं परराष्ट्र धोरण ठरत नाही, हे मान्य. पण मग तिचं नाव तरी कशाला घेता? घ्यायचंच तर नीट वाचा. अशोकाचा तेरावा शिलालेख बघा. कलिंगाच्या संहाराचा पश्चात्ताप आहे, पाच यवन (ग्रीक) राजांची नावं आहेत. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, तो लेख कोरलेलाच नाही. तिथल्या लोकांसाठी वेगळा मजकूर. एकच राजा कुणाला काय सांगतो आणि कुणापासून काय राखून ठेवतो, आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणतात ते दुसरं काय असतं?

राजाचं म्हणणं असं तपासून बघायला मला कुठल्या प्राध्यापकाने नाही शिकवलं. त्या संध्याकाळी भाकरी तव्यावर टाकून आजीने विचारलं होतं, "राजानी दिन्हा, पन पैसा त बाजारना लोकेसना व्हता ना?" शाळेची पायरी न चढलेली बाई! आणि माइक हातात असलेले म्हणतात, खोलात कोण जातं.

जाऊ दे. ते सर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, हे वाचतीलच. सर, राग नाही. सातव्या अधिकरणात खुणेचा कागद घालून ठेवलाय. रविवारी घरी या, चहा टाकते, सोबत वाचू.