'विनातिकीट' चालतं, मग 'विनाकागदपत्र' का खटकतं?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. मूळ इंग्रजी टोमणा बराच जुना आहे, तो आता मराठीत आलाय: "बेकायदा घुसलेल्याला 'कागदपत्रं नसलेला स्थलांतरित' म्हणणं म्हणजे गर्द विकणाऱ्याला 'विनापरवाना औषधविक्रेता' म्हणणं." खाली चार ओळी आहेत. 'इललीगल', म्हणजे बेकायदा, हा कायद्यातलाच शब्द आहे. हे लोक गुन्हेगारच आहेत. नवा शब्द डाव्यांनी परवा शोधून काढला. आणि आपण रांगेत उभे राहून आलो, मग त्यांना काय झालं होतं? आमच्या ग्रुपवर त्याला पटापट अंगठे मिळाले. अंगठा देणाऱ्यांत माझी जवळची माणसं आहेत, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

आधी त्या टोमण्याबद्दल. गर्द विकणं कोणत्याच परवान्याने वैध होत नाही, कारण तिथे मुळात धंदाच निषिद्ध आहे. शेतात स्ट्रॉबेरी खुडणं, हॉटेलात भांडी घासणं, बायकामुलांबरोबर राहणं यातलं काहीच निषिद्ध नाही. तिथे परवानगी नाही, एवढंच. याला जुळणारी उपमा हवी असेल तर आपल्या लोकलमध्येच आहे. दादरला टीसी ज्याला बाजूला घेतो, त्याला रेल्वे 'विनातिकीट प्रवासी' म्हणते. तो खरोखर प्रवासी असतो आणि त्याच्याकडे तिकीट नसतं. या शब्दाने त्याचा दंड माफ होत नाही, आणि रेल्वे त्याला गोंजारतेय असंही कोणी म्हणत नाही. तसंच आपण 'अनधिकृत बांधकाम' म्हणतो, पण त्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला 'अनधिकृत माणूस' म्हणत नाही. दोष कृतीला चिकटवायचा, अख्ख्या माणसाला नाही, हे मराठीला कोणी शिकवायला नको.

याच भाषेत 'घुसखोर' हा शब्दही आहे, आणि तो वापरताना मला थांबावंसं वाटतं. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर. 'खोर' लागला की एकदा केलेली गोष्ट माणसाचा स्वभाव होऊन बसते. पाच वर्षांच्या ज्या मुलीला आईने कडेवर घेऊन सीमा ओलांडली, तिलाही आपण त्या प्रत्ययात कोंबतो.

'कायद्यातलाच शब्द' हे अर्धसत्य आहे. 'इललीगल एलियन', म्हणजे बेकायदा परदेशी, हे शब्द अमेरिकी कायद्यात काही ठिकाणी आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण 1952 च्या मूळ इमिग्रेशन कायद्याचा पायाभूत शब्द नुसता 'एलियन' आहे. त्याची व्याख्या एवढीच, की जो अमेरिकेचा नागरिक किंवा 'नॅशनल' (नागरिक नसूनही कायद्याने अमेरिकेचाच मानलेला) नाही तो. म्हणजे हा मजकूर पाठवणारे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरचे आणि कायम वास्तव्याचं ग्रीन कार्ड असलेले, सगळे कायद्याने एलियनच. नोकरीसंबंधीच्या 1986 च्या कायद्यात शब्द आहे 'अनऑथराइज्ड एलियन', म्हणजे कामाची परवानगी नसलेला परदेशी. मुक्कामाबद्दल बोलताना कायदा 'अनलॉफुल प्रेझेन्स', म्हणजे बेकायदा मुक्काम, म्हणतो आणि तिथे दिवस मोजतो.

'गुन्हेगारच' या शब्दावर मात्र जरा वेळ घालवायला हवा. तपासणी चुकवून सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा आहे, पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण रीतसर व्हिसावर येऊन मुदतीनंतर राहिलेल्यांची संख्याही फार मोठी आहे, आणि नुसतं मुदतीपलीकडे राहणं हा दिवाणी भंग आहे. 2012 मध्ये ॲरिझोना राज्याविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती केनेडी यांनी बहुमताच्या निकालात लिहिलं, की देशाबाहेर काढता येण्याजोग्या परदेशी व्यक्तीचं अमेरिकेत राहत असणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा ठरत नाही. हद्दपारीचा खटलाही दिवाणीच चालतो, म्हणून तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. यांना गुन्हेगार म्हणायचं, पण गुन्हेगाराला मिळणारं संरक्षण द्यायचं नाही, असा हा हिशेब आहे.

ओळखीतल्या एका पुणेकर कुटुंबाचं सांगतो. नवऱ्याची एच-1बी मंजुरी आणखी दोन वर्षांची होती. डिसेंबरात पुण्याहून परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला. तो एप्रिलमध्ये संपत होता, म्हणून मुक्कामाच्या नोंदीत, म्हणजे आय-94 मध्ये, एप्रिलचीच तारीख पडली. नियम तसाच आहे. ही नोंद आता कागदावर हातात देत नाहीत, संकेतस्थळावर जाऊन बघावी लागते. यांनी नवा पासपोर्ट काढला, मंजुरीपत्रावरची तारीख बघितली आणि निर्धास्त झाले. नोव्हेंबरात मुदतवाढीसाठी वकिलाने नोंद उघडली तेव्हा कळलं, की एप्रिलपासून मुक्काम बेकायदा आहे. 180 दिवस उलटून गेले होते. त्या अवस्थेत देश सोडला असता, तर परत यायला तीन वर्षांची बंदी लागली असती. उशीर माफ करण्याची विनंती मान्य झाली म्हणून निभावलं. वहिनी त्या महिनाभर गाडी चालवायलाही घाबरत होत्या. त्या सात महिन्यांत त्यांना 'इललीगल' कोणी म्हटलं असतं का? ग्रुपवर 'अरेरे, कागदांचा घोळ झाला' असंच म्हटलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

शब्द 'परवाचा' असल्याचं म्हणणं चटकन निकालात निघतं. 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालात, म्हणजे मुलांच्या शाळाप्रवेशाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 'अनडॉक्युमेंटेड', म्हणजे कागदपत्रं नसलेला, हा शब्द वापरला आहे. सरकारी शब्द निःपक्ष असतो असंही नाही. 1954 मध्ये मेक्सिकन मजुरांना हाकलण्याच्या सरकारी मोहिमेचं अधिकृत नावच 'वेटबॅक' ही शिवी होती. 2021 मध्ये बायडन प्रशासनाने सरकारी वापरातून 'इललीगल एलियन' काढला, 2025 मध्ये ट्रम्प प्रशासनाने परत आणला. दोन्ही वेळा कायदा तोच होता.

आता रांग. हिचा इतिहास तरी आपण विसरू नये. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भारतीय माणूस 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' नाही, म्हणून नागरिकत्वाला अपात्र. तेही कायद्यातलेच शब्द होते. आधी दिलेली नागरिकत्वं सरकार काढून घेऊ लागलं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित, मुंबई इलाख्यात जन्मलेले. त्यांच्यावरही तीच पाळी आली, तेव्हा ते स्वतःसाठी लढले आणि 1926 मध्ये अपील कोर्टात जिंकले. भारतीयांसाठी रांग सुरू झाली 1946 मध्ये, वर्षाला 100 जणांची. मोकळी झाली ती 1965 च्या कायद्याने. आज कमी शिक्षणाच्या कामगारांसाठी, साऱ्या जगाला मिळून, नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला 10,000 पेक्षा जास्त नाहीत. दुसरीकडे, प्यू संशोधन संस्थेच्या अंदाजाने 2022 मध्ये परवानगीशिवाय राहणारे सुमारे 1 कोटी 10 लाख होते. यातल्या बहुतेकांना उभं राहायला रांगच नाही.

एक गोष्ट कबूल करतो. 'कागदपत्रं नसलेला' हा शब्दही नेमका नाही. अनेकांकडे पासपोर्ट असतो, कर भरण्याचा क्रमांकही असतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एप्रिल 2013 मध्ये माणसाला 'इललीगल' म्हणणं थांबवलं, तेव्हा 'अनडॉक्युमेंटेड'लाही नकारच दिला होता. त्यांचा आग्रह होता, की काय घडलं ते लिहा. मला तो पटतो. व्हिसा संपल्यावर राहिलेला. तपासणी चुकवून आलेला. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेली. दोन शब्द जास्त लागतात, लागू देत.

5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं. त्यात 104 भारतीय होते, अनेकांच्या हातांत बेड्या, पायांत साखळ्या. कित्येक जण एजंटांना लाखो रुपये मोजून डंकीच्या, म्हणजे देशोदेशींच्या सीमा चोरून ओलांडत जायच्या, वाटेने गेले होते, ते लपवायचं कारण नाही. त्यांतले तीन महाराष्ट्राचे होते. तुमचा मजकूर त्यांच्या घरच्यांच्या फोनवरही पोचला असेल.