‘तसेही गेलेच असते’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की वादळ, पूर, भूकंपात जी माणसं थेट मरतात त्याहून कितीतरी जास्त अनेकदा नंतरच्या महिन्यांत जातात, आणि ज्या घरांना धक्काही लागला नाही तिथलीही जातात. त्यावर तुमची कमेंट आली. “आकडे फुगवून भीती विकायचा धंदा”, “आधी स्टॅटिस्टिक्स शिका”, आणि मधेच हे, “आजारी, म्हातारी माणसं तसेही गेलीच असती.”

धंदा? या ब्लॉगवर एक जाहिरात नाहीये. मतभेद असू देत ना, पण थेट हेतूवर घसरायचं काय कारण? समोरासमोर असतात तर बोलला असतात का असं?

एक मान्य. 2017 च्या मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत (अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट) 4,645 जास्तीचे मृत्यू, म्हणजे एरवी होतात त्याहून इतके जास्त, झाले हा अंदाज मी दिला, त्यासोबत खरा आकडा 793 ते 8,498 मध्ये कुठेही असू शकतो ही रेंज द्यायला हवी होती. पण तिथलं सरकार कित्येक महिने 64 मृत्यूंवर अडून बसलं होतं आणि 2018 मध्ये त्यांनीच 2,975 स्वीकारले, हे तुम्ही बरोब्बर गाळलंत.

आता ते “तसेही”. माझे सासरे घरी ऑक्सिजन मशीनवर होते. पूर आला तेव्हा आमच्या घरात पाण्याचा थेंब शिरला नाही, पण लाइट गेली, मशीन बंद, रस्ते बंद म्हणून सिलेंडरची गाडी पोचेना, आणि मी रात्रभर उशीला उशी लावून त्यांना बसतं धरून होते. ते गेले. दाखल्यावर फुप्फुसाचा आजार लिहिलाय, पुराचा उल्लेखसुद्धा नाही. आदल्या आठवड्यात हा माणूस स्वतःच्या हाताने दाढी करत होता. त्यामुळे मला कोणी “तसेही” शिकवू नये.

आणि हिशोबच हवा असेल तर घ्या. माणसं फक्त चार दिवस आधी गेली असती तर पुढे मृत्यू नेहमीपेक्षा कमी दिसायला हवेत. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात तसं दिसलंही, त्या दिवशी लॉस एंजेलिस परिसरात हृदयविकाराचे 24 अचानक मृत्यू आणि पुढचे काही दिवस नेहमीपेक्षा कमी. पण ते हार्ट अटॅकचं झालं. पोर्तो रिकोत वाढ महिनोन्‌महिने टिकली कारण वीज, डायालिसिस, औषधं महिनोन्‌महिने अडली. अमेरिकेतल्या 1930 ते 2015 च्या वादळांचा 2024 मधला अभ्यास तर म्हणतो की एकेका वादळामागे 7,000 ते 11,000 जास्तीचे मृत्यू, तेही पंधरा वर्षांपर्यंत पसरलेले, आणि सरकारी नोंद सरासरी 24. जपानच्या फुकुशिमा प्रांतात 2011 च्या भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीच्या अपघातानंतर नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्यांना घाईघाईत हलवण्यात, कॅम्पांच्या हालअपेष्टांत जी माणसं गेली ती थेट भूकंप-त्सुनामीत गेलेल्यांपेक्षा जास्त भरली. हे सगळे तसेही त्याच वर्षी जाणार होते का?

हे मृत्यू मोजलेच नाहीत तर जनरेटर आणि ऑक्सिजन कुणाच्या दारात आधी पोचवायचे हे ठरवणार कसं, तेवढं सांगा.

शीर्षक भडक वगैरे बाकीच्या मुद्द्यांत मी पडत नाही. शीर्षक तेच राहील.