आमच्यात एकी नाही म्हणे!

आज ऑफिसात चहा घेताना एका सहकाऱ्याने अगदी सहज विचारलं, "काय मग, तुमच्या लोकांची मतं यंदा कुणाकडे?" म्हटलं, मला माझ्यापुरतं माहीत, बाकीच्यांना त्यांचं त्यांना विचारा. तर हसून म्हणतो, "हेच चुकतं तुमचं. बाबासाहेबांनंतर तुमच्यात एकी राहिलीच नाही बघा." कप तिथेच ठेवून उठले. तेव्हापासून डोकं तापलंय.

पहिल्या वाक्यात आम्ही गठ्ठा, दुसऱ्यात आम्ही फुटलेले! सगळ्यांनी एकाला मत दिलं तर यांना कुणीही झुलवतं, वेगवेगळं दिलं तर यांच्यात एकी नाही. करायचं काय माणसाने?

डांगे कम्युनिस्ट, एसेम समाजवादी, हेडगेवार संघाचे. तिघेही ब्राह्मण. यावरून 'ब्राह्मणांत एकी नाही' असा गळा कुणी काढलेला मी तरी ऐकला नाही. तिथे ती वैचारिक परंपरा असते. २०२४ ला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, ते राजकारण. आमचे दोन भाऊ दोन पक्षांत गेले की लगेच समाज फुटला.

आमच्या घरात खरोखरच दोन भाऊ दोन पक्षांत होते. बाबा अकोल्याचे, बाळासाहेबांचे (आंबेडकर हो, ठाकरे नव्हे, पुण्यात दरवेळी सांगावं लागतं). मोठे बाबा तरुणपणीच मुंबईला गिरणीत लागले, राहायला वरळीची बीडीडी चाळ, दलित पँथरचे कार्यकर्ते. जानेवारी १९७४ च्या वरळीच्या दंगलीत खांद्यावर लाठी बसली. शर्ट घालताना तो हात आधी बाहीत सरकवायचे आणि मग दुसरा, कारण तो पुरता वर जातच नव्हता. आणि २०११ ला आठवले सेना-भाजपबरोबर गेले तेव्हा हेच मोठे बाबा त्यांच्यासोबत गेले.

त्या वर्षी दीक्षाभूमीवरून परतताना ते आमच्याकडे उतरले. दारातच दोघांचा कडक जय भीम झाला आणि जेवायला बसल्या बसल्या बाबांनी तोंड उघडलं. "ज्यांच्याशी मारामाऱ्या केल्या त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसता?" मोठे बाबा भाकर मोडत म्हणाले, "बाबासाहेब ४७ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळात गेले, ते काय काँग्रेसच्या प्रेमापोटी?" बाबा म्हणाले, "अन् ५१ साली हिंदू कोड बिलावरून राजीनामा देऊन बाहेर पडले, ते विसरले वाटतं!" पुढे तासभर तेच. कुणीही कुणाला विकला गेलेला म्हटलं नाही. वरणाचं पातेलं गार झालं, आई दोनदा तापवून आणून गेली.

ही भांडणं कशावर होतात हे कधी बघितलंत? बाबासाहेबांनंतर रिपब्लिकन पक्षात दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे वेगळे झाले त्यात भूमिहीनांच्या जमिनीसाठी रस्त्यावर उतरायचं की घटनेच्या, कायद्याच्या वाटेने जायचं, हा प्रश्न होता. १९७४ ला पँथरमध्ये नामदेव ढसाळ आणि राजा ढाले वेगळे झाले ते मार्क्स की बुद्ध यावरून. असल्या प्रश्नावर तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शेवटचा वाद कधी झाला होता, सांगा बरं.

आणि 'बाबासाहेबांनंतर' कशाला? बाबासाहेब असतानाही सगळे त्यांच्या मागे नव्हते. १९३७ ला मुंबईत त्यांच्याविरुद्ध काँग्रेसकडून उभे होते पी. बाळू, तेच थोर क्रिकेटपटू, आपल्यातलेच. १९५२ ला लोकसभेला त्यांना हरवलं काजरोळकरांनी, तेही आपल्यातलेच. मला ते वाचून आजही वाईट वाटतं. पण वाईट वाटलं म्हणून त्या माणसांना स्वतःचं डोकं नव्हतं असं कसं म्हणू?

बरं बाबा, मान्य, सगळीच फूट तत्त्वाची नव्हती. खुर्चीसाठी, मानपानासाठी गट निघाले, लेटरहेडपुरते पक्ष निघाले. १९९८ ला रिपब्लिकन गटांचे चौघे नेते एकत्र आले तर अकोला, अमरावती, चिमूर आणि उत्तर मध्य मुंबई, चारही खुल्या मतदारसंघांतून खासदार झाले. हे बाबाही मान्य करायचे, मोठे बाबाही. तेवढ्यावर दोघांचं एकमत.

खरा राग मला त्या सहकाऱ्याचा नाहीच, आता लिहिता लिहिता कळतंय. राग आपल्याच पुरोगामी मित्रांचा आहे. २०१९ पासून वंचितला, म्हणजे बाळासाहेबांच्या वंचित बहुजन आघाडीला, मत देणारा प्रत्येक जण यांच्या लेखी भाजपची 'बी टीम'. माझे बाबा बी टीम? उन्हातान्हात सायकलवर झेंडा लावून फिरलेला माणूस? तुमचा उमेदवार पडला तर तुमच्या पक्षाला विचारा. आमची मतं तुमच्याकडे ठेव म्हणून ठेवलेली नव्हती.

'आमची' म्हणतेय खरी, पण यात कोण कोण? राज्याच्या यादीत ५९ अनुसूचित जाती आहेत. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा उपवर्गीकरणाचा (या जातींच्या आरक्षणाची आतल्या आत वाटणी राज्यांना करता येईल, असा) निकाल आला, मी वैतागले होते, माझी मातंग मैत्रीण पेढे घेऊन आली. तिचं म्हणणं मला पटलेलं नाही. पेढा खाल्ला, आणि मग रात्री उशिरापर्यंत भांडलो.

मोठे बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला बाबा पुढे होते. त्रिसरण-पंचशील झाल्यावर त्यांच्या पक्षाचे लोक आणि आमच्या पक्षाचे लोक एकाच सतरंजीवर बसून परत तेच बोलत होते, ४७ आणि ५१.

आणि आई? तिला या दोघांनी आळीपाळीने विचारून पाहिलं, कुणाला दिलंस म्हणून. तिचं ठरलेलं उत्तर, "माझं मत माझ्या बोटाला माहीत." बाबांना वाटायचं आपल्याला दिलं, मोठ्या बाबांना वाटायचं आपल्याला, आणि मला दाट संशय आहे की ती पंजावरच शिक्का मारायची, मशीन आल्यावर बटणही तेच.

तर इनबॉक्समध्ये "ताई, तुम्ही कुणाकडे?" विचारणाऱ्यांनो, उगाच टाइप करू नका. मी आईवर गेलेय.