अंगाईला शाप नव्हता, चाल होती

परवा रात्री साडेअकराला भाच्याने एक पोस्ट पाठवली. खाली लिहिलं होतं, "मामा, तू हेच रात्री लावून बसतोस ना? वाच एकदा." 'रोझमेरीज बेबी' या १९६८ च्या भयपटातल्या अंगाईबद्दलची ही पोस्ट त्याआधीही मला दोन-तीन जणांनी पाठवली होती. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ही युरोपातली जुनी सैतानी अंगाई आहे, शब्द उलटे वाजवले की मंत्र ऐकू येतो. ती सिनेमात वापरणारा संगीतकार वर्षभरात मेला, तोही सिनेमातल्या एका पात्रासारखाच. मग दिग्दर्शकाच्या पत्नीचा खून झाला. या गूढामुळेच जॅझवाल्यांना ती भुरळ पडली आणि भयपटातून जॅझ स्टँडर्ड, म्हणजे जॅझवादक पुन्हा पुन्हा वाजवतात अशी सर्वांच्या मालकीची चाल, झालेली ती जगातली एकमेव ठरली.

आधी ते 'जुनी अंगाई' प्रकरण. ही चाल कुठल्याही लोकपरंपरेतून आलेली नाही. क्षिश्तोफ कोमेडा या पोलिश जॅझ पियानोवादकाने ती याच सिनेमासाठी केली. श्रेयनामावलीत तो 'ख्रिस्तोफर कोमेडा' म्हणून दिसतो, बहुधा अमेरिकन जिभांच्या सोयीसाठी. आणि उलटे वाजवायला शब्द आहेत कुठे? सुरुवातीला न्यूयॉर्कच्या छपरांवरून कॅमेरा सावकाश सरकतो, पडद्यावर गुलाबी वळणदार अक्षरं उमटतात आणि मिया फॅरो, म्हणजे सिनेमाची नायिकाच, नुसतं 'ला ला ला' गुणगुणते. 'ला' उलटा केला तर फार तर 'आल' होईल. चहात घालावं.

गंमत बाजूला ठेवून ते गुणगुणणं नीट ऐका. फॅरोचा आवाज कमावलेला नाही. घरातलं एखादं माणूस मूल निजवताना गाईल, तसा आहे. ताल तीन मात्रांचा वॉल्ट्झ, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या बराच जवळचा डोल. पाळणा हलवायला याहून सोयीचं काय असणार? पण चाल मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांत बांधलेली आहे आणि स्वर निवांत घरी येऊन बसतच नाहीत. हात थोपटतोय आणि डोळा मात्र दाराकडे, असं काहीतरी. शेवटी नायिका रोझमेरी सैतानाच्या मुलाच्या पाळण्याशी उभी राहते तेव्हा हीच चाल परत येते, आणि तोवर आपल्याला तिचा अर्थ कळलेला असतो. ही भीती एका माणसाने मेहनतीने बांधलेली आहे. ती सैतानाच्या खात्यावर जमा केली की त्या माणसाची मजुरी बुडते.

आता त्याचा मृत्यू. वर्षभरात तो गेला, हे खरं आहे. सिनेमा जून १९६८ मध्ये लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये कोमेडा पडला, डोक्याला जबर मार बसला, मेंदूत रक्त साकळलं आणि तो बेशुद्धीत गेला. नंतर त्याला पोलंडला नेलं. २३ एप्रिल १९६९ ला वॉर्सात तो वारला. ३८ वा वाढदिवस चार दिवसांवर होता. सिनेमातला हच, रोझमेरीचा जुना मित्र, तोही कोमात जाऊन मरतो, हे साम्यही खरं. पण हचचं मरण, सिनेमा जिच्यावर बेतला त्या आयरा लेविनच्या १९६७ च्या कादंबरीतून आलेलं आहे, आणि डोक्यावर पडलेला माणूस कोमात जाणं यात गूढ काही नाही, फक्त वाईट वाटतं.

दिग्दर्शकाची पत्नी शेरॉन टेट हिच्या खुनावर मला फार लिहायचं नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये चार्ल्स मॅन्सन या पंथप्रमुखाच्या टोळीने तिचा आणि आणखी चौघांचा जीव घेतला. खटला उभा राहिला, आरोपी दोषी ठरले. त्या प्रेतांवर शापाची शाल पांघरणं मला ओंगळ वाटतं. आणि शाप एवढाच कडक होता, तर शेजारच्या म्हातारीचं काम करणाऱ्या रूथ गॉर्डनला त्याच सिनेमासाठी ऑस्कर मिळून ती पुढे ८८ वर्षांची होईपर्यंत जगली कशी? खुद्द अंगाई गाणारी मिया फॅरो आज ऐंशीच्या घरात आहे.

माझा खरा राग शेवटच्या दाव्यावर आहे. भयपटामुळे जॅझवाल्यांनी चाल उचलली, असं म्हणताना कोमेडा मुळात जॅझवालाच होता हे पोस्ट विसरते. त्याचं आडनाव त्शचिन्स्की. पेशाने कान-नाक-घशाचा डॉक्टर. दवाखान्यातल्या लोकांना कळू नये म्हणून जॅझसाठी त्याने 'कोमेडा' हे नाव घेतलं. स्टालिनच्या काळात पोलंडमध्ये जॅझ म्हणजे बंद दाराआडचा उद्योग होता. १९५६ मध्ये सोपोतच्या महोत्सवात त्याचा सेक्स्टेट, म्हणजे सहा वादकांचा संच, वाजला आणि तो नावारूपाला आला. दिग्दर्शक पोलान्स्कीबरोबरही त्याचं काम 'नाइफ इन द वॉटर'सारख्या पोलिश सिनेमांपासून चालत आलेलं. डिसेंबर १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला त्याचा 'अ‍ॅस्टिग्मॅटिक' हा अल्बम युरोपियन जॅझचा मैलाचा दगड मानतात. तेव्हा 'रोझमेरी'चा पत्ताही नव्हता. शापाच्या गोष्टीत कोमेडाला एकच काम उरतं, मरायचं.

आणि 'एकमेव'? १९४४ चा 'द अनइन्व्हाइटेड' हा हॉलिवूडचा अस्सल भुताटकीचा सिनेमा. त्यातली व्हिक्टर यंगची चाल म्हणजे 'स्टेला बाय स्टारलाइट', जी जॅझ शिकणाऱ्या प्रत्येक पोराला कधी ना कधी घोटावी लागते. अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ती १९५८ मध्ये वाजवली, म्हणजे कोमेडाच्या अंगाईच्या दहा वर्षं आधी. स्टँडर्ड हे बंदिशीसारखं असतं. बंदिश कुठून आली यापेक्षा तिच्यात गवयाला फिरायला जागा किती, हे पाहिलं जातं. भुताच्या सिनेमातून आली की लग्नाच्या, वादकाला काय फरक पडतो?

एक गोष्ट मात्र पोस्टच्या विरोधात जाताना मीही वाढवून सांगणार नाही. ही अंगाई 'स्टेला'इतकी सर्रास वाजत नाही. 'स्लीप सेफ अँड वॉर्म' या नावाने ती जास्त करून पोलिश आणि उत्तर युरोपीय वादकांच्या हातात नांदते. पियानोवादक लेशेक मोझ्जेरने २०११ च्या 'कोमेडा' अल्बममध्ये ती एकट्याने वाजवली आहे. पण भाच्याला मी पाठवला तो तोमाश स्तांकोचा 'लितानिया'. स्तांको तरुणपणी कोमेडाच्या पंचकात ट्रम्पेट वाजवायचा, 'अ‍ॅस्टिग्मॅटिक'वरही तोच आहे. १९९७ च्या या अल्बममध्ये त्याने फक्त कोमेडाच्या रचना घेतल्या, आणि ही अंगाई एकदा नव्हे, तीनदा. सोबत सॅक्सोफोनवर बर्न्ट रोसेनग्रेन आहे. १९६२ च्या 'नाइफ इन द वॉटर'मध्ये कोमेडाच्या संगीतात सॅक्सोफोन वाजवणारा तोच हा स्वीडिश माणूस. अल्बमचा शेवटचा तुकडा म्हणजे अंगाईची तिसरी आवृत्ती.

भाच्याचं उत्तर सकाळी आलं: "झोप लागली मामा, तिसरी ऐकायची राहिली."