सुमारगड वगळून

आमच्या घरापुढे समुद्र आहे आणि मागे सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळ. गुहागरच्या बाजूला बरीचशी घरं अशीच, समुद्राकडे तोंड करून बसलेली. त्यामुळे आमच्या पाठीशी सह्याद्री आहे हे आम्हाला शाळेच्या भूगोलातच कळतं. पण पाऊस सरला की ऑक्टोबरात दोन-चार सकाळी हवा अशी काही धुतलेली असते, की सड्यावर उभं राहिलं तर पूर्वेला ती निळी रांग सरळ दिसते. यंदा अशाच एका सकाळी मी ती पाहिली, आणि घरी येऊन चहा पिता पिता बोलून गेलो, "यंदा सगळे मिळून दोन दिवस गड चढायला जाऊया."

बोलायला तीन सेकंद लागली. निस्तरायला तीन महिने.

आईने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "डोंगरात काय हरवलंय तुजं?"

तिचंही बरोबर होतं. तिच्या लेखी डोंगर म्हणजे काम. मोळ्या, गवत, काजू, फार तर करवंदं. "आमी दिवसातनं दोनदा चढायचंव, डोकीवर मोळी घेऊन. त्याला कोन सहल नाय म्हनला," ती म्हणाली. पंचाहत्तरीच्या बाईशी या विषयावर वाद घालू नये. तिच्याकडे अनुभव असतो आणि आपल्याकडे फक्त बूट.

बूटही नव्हते. ते पुढे येईल.

आधी तारीख. कोकणात तारीख ठरवणं म्हणजे काय हे देशावरच्या माणसाला सांगून कळणार नाही. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस; गड सोडा, मागीलदारच्या विहिरीपर्यंत जाताना माणूस घसरतो. त्यातच गणपती. ऑक्टोबरात भातकापणी आणि डोकं उकळवणारं ऊन. मग दिवाळी, तुळशीचं लग्न. डिसेंबरात आंब्याला मोहोर येतो आणि मोहोरावर तुडतुडा, म्हणजे फवारणी. मार्चमध्ये शिमगा, पालखी दारात यायची असताना घर बंद ठेवून गडावर गेलेला माणूस पुन्हा गावात तोंड दाखवू शकत नाही. एप्रिल-मे आंबा, आणि आंब्यामागोमाग मुंबईचे पाहुणे. उरतो जानेवारी. त्यातल्या २६ तारखेला मुलीचं शाळेत संचलन. असं चाळत चाळत वर्षातून एक शनिवार-रविवार हाताला लागला. तो मी कॅलेंडरवर लाल पेनने गोल केला. दुसऱ्या दिवशी बायकोने त्याच गोलात 'गॅस' असं लिहून ठेवलं.

मग ग्रुप काढला. 'चलो सह्याद्री'. मी चौघांना घेतलं होतं, आठवड्याने पाहतो तर अकरा जण. डोंबिवलीचा धाकटा भाऊ सहकुटुंब आला, रत्नागिरीची बहीण आली, आणि पुण्याहून माझा मेहुणा आला. मेहुण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तो दर रविवारी कुठला तरी किल्ला चढतो आणि सोमवारी आपल्याला त्याचे फोटो पाठवतो. त्याच्या पाठपिशवीला बाहेरून इतक्या वस्तू लटकलेल्या असतात की आत काय असेल असा प्रश्न पडतो.

त्याने पहिला प्रस्ताव ठेवला कळसूबाईचा. "भाऊजी, १६४६ मीटर! महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर!" मी त्याला एक साधी गोष्ट समजावून सांगितली. देश हे पठार आहे. तुम्ही पुण्यातून निघता तेव्हा साडेपाचशे मीटर आधीच चढलेले असता, घरबसल्या, कुठलाही घाम न गाळता. आम्ही निघतो ते शून्यापासून, पायाला वाळू लागलेली असताना. हरिश्चंद्रगडावरच्या कड्याला तुम्ही कौतुकाने कोकणकडा म्हणता, कारण तुम्ही वर उभे राहून खाली कोकण बघता. आमच्या बाजूने बघा, आम्हाला नुसताच कडा.

मग जवळची नावं निघाली. वासोटा म्हटल्यावर मी खूष झालो, कारण आमच्याच जिल्ह्यातल्या चोरवणे गावातून नागेश्वरमार्गे तिकडे वाट जाते. पण त्याचं जुनं नाव व्याघ्रगड असं मेहुण्याने हौसेने सांगितलं, आणि तो कोयना अभयारण्यात येतो, ते २०१० पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, हेही सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे वाघ आहे की नाही?" मेहुणा म्हणाला, "ताई, दिसणं फार दुर्मीळ." "आपल्याला दिसणं की आपण त्याला दिसणं?" वासोटा रद्द.

प्रचितगडाला लोखंडी शिड्या आहेत म्हणून बहीण नको म्हणाली. पायथ्याचं शृंगारपूर हे येसूबाईंचं माहेर, असं मी आमिष दाखवलं. त्यावर ती म्हणाली, "मग माहेरपणालाच जाऊ की दादा, चढायचं कशाला?" मुलांना रायगड हवा होता. शिवाजी महाराजांसाठी असेल असं वाटून माझा ऊर भरून आला. पण त्यांना रोपवेत बसायचं होतं.

शेवटी रसाळगडावर गाडी आली. खेड तालुक्यात, चढ बेताचा, वर झोलाई देवीचं देऊळ, रात्री तिथे पथारी टाकता येते, पाण्याची टाकी आहेत, तोफा आहेत. सगळ्यांनी अंगठे दाखवले. डोंबिवलीच्या भावाने नुसतं नाव वाचून विचारलं, "रसाळ म्हणजे बरका फणस मिळेल काय रे दादा?" जानेवारीत फणस! मुंबईला गेलेला कोकणी माणूस इतक्या लवकर बिघडतो.

पण मेहुण्याचं समाधान होईना. रसाळगडाच्या शेजारी सुमारगड आणि त्यापुढे महिपतगड अशी तीन गडांची रांग आहे, ती सलग करायची असं त्याने जाहीर केलं. सुमारगड म्हणजे तिघांतला अवघड, वर जाताना कातळ चढावा लागतो. बायकोने आपल्या सख्ख्या भावाला उत्तर दिलं, "ज्याचं नावच सुमार, तिकडे मरायला कशाला जायचं?" भाऊ-बहीण तीन दिवस ग्रुपवर एकमेकांना फक्त हात जोडलेले चिन्ह पाठवत होते.

ही कोंडी आईने फोडली. तिने कुणाला न विचारता गुरवाला गाठलं आणि ग्रामदेवतेला कौल लावला. देवाच्या अंगाला कळे लावतात, प्रश्न विचारतात, उजवीकडचा कळा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. आईने विचारलं, "पोरं डोंगरात जातायत, जाव दे काय?" डावा पडला. दुसरं कुणी असतं तर निमूट घरी आलं असतं. आईने थोडा विचार केला आणि गुरवाला सांगितलं, "सुमारगड वगळून जाव दे काय, असं इचार." उजवा.

मेहुणा अभियंता आहे. त्याने वाऱ्याचा झोत, कळ्याचं वजन वगैरे काहीतरी लिहून पाहिलं, पण ग्रामदेवतेशी वाद घालणारा पाहुणा आमच्या ओटीवर टिकत नाही. त्या रात्री ग्रुपचं नाव कुणीतरी बदलून 'सुमारगड वगळून' असं केलं. 'आणि मी पण येतंय,' अशी आईची पुरवणी मुलीने तिच्या वतीने टाकली. झालो बारा.

सामानाची मेहुण्याची यादी होती ३४ कलमी. डोक्यावरचा दिवा, शिट्टी, मिठाची पुडी, वाऱ्याला आडोसा म्हणून काहीतरी, आणि कड्यावर आग्यामाश्या असतात म्हणून अंगाला अत्तर लावू नये ही सूचना. माश्यांचं मात्र त्याचं खरं होतं. आईची यादी तोंडी होती: तांदूळ, कुळीथपीठ, नारळ तीन (एक देवीला), आमसुलं, कोयता. डोंगरात जाताना कोयता नाही म्हणजे तिच्या मते अंगावर कपडे नाहीत. सुकट घ्यायची की नाही यावर मोठा खल झाला. शनिवार आईचा, आणि मुक्काम देवळात. भाऊ म्हणाला, "देवीला चालतं." आई म्हणाली, "देवीला चालल, मला नाय चालत." तरी त्याने सुका जवळा नेलाच. पिशवीत तीन पदर गुंडाळून नेला होता. चिपळूण यायच्या आत गाडीतल्या सगळ्यांना कळलं.

आणि बूट. मी खास त्या दोन दिवसांसाठी महागडे बूट घेतले आणि आईच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करून ते थेट गडावरच पहिल्यांदा घातले. अर्ध्या तासात दोन्ही टाचांना फोड. शेवटचा चढ मी मेहुण्याच्या काठीवर आणि भावाच्या टोमण्यांवर चढलो. आई स्लीपर घालून, पदर खोचून, आमच्या आधी देवळात. आम्ही पोचलो तोवर तिला खालच्या वाडीतली एक बाई भेटलेली होती, दोघींची माहेरं एकाच खोऱ्यातली निघालेली होती, आणि चूल पेटलेली होती.

संध्याकाळी तटावर बसलो. वारा सुटलेला, मुलं तोफेवर चढलेली, समोर सुमारगड. मेहुणा त्याच्याकडे एकटक बघत होता, पण बोलला नाही. पश्चिमेला डोंगरांच्या एकामागून एक रांगा धुरकट होत गेल्या होत्या. आई त्या दिशेला डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत होती. माझं मन भरून आलं. म्हटलं, पहिल्यांदाच ती आपलं घर या बाजूने बघतेय.

"आई, काय बघतेस?"

"मागीलदारची कडी कोनी लावली?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने मुलीकडे पाहिलं. मुलीने ३४ कलमी यादी काढली. यादीत शिट्टी होती.

फोनला रेंज नव्हती. मेहुणा फोन उंच धरून तटभर फिरला आणि एका तोफेमागे त्याला दीड दांडी सापडली. तिथे मी फोड आलेल्या टाचांवर उकिडवा बसून शेजारच्या काकींना फोन लावला.

"काकी, आमच्या मागीलदारची कडी लावलेली आहे काय, जरा बघता?"

"कडी कसली? दार सताड उघडं होतं. सकाळधरनं मी हितंच बसल्येय राखन," काकी म्हणाल्या. "बरं झालं फोन केलास. चायपूड खय ठेवल्यान तुज्या बायकोनं?"