‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर
परवा रात्री ताईचा फोन आला. आवाज पार बसलेला. ‘‘सात महिने उगाच पैसे घातले गं.’’ घरच्या ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकला होता. तो खरा मानून तिने भाचीची मंगळवारची थेरपीची वेळ रद्दही करून टाकली होती. भाचीला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार आहे: भावना एकदम टोकाला जातात, जवळचं माणूस सोडून जाईल ही भीती पाठ सोडत नाही.

फॉरवर्ड म्हणतो: बॉर्डरलाइनसारखा व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे स्वभाव, आणि स्वभावाला औषध नाही. बोलून भीती उलट वाढते. झोपेची गोळी रोज द्या. मरायची भाषा केली तर लक्ष देऊ नका, ते नाटक असतं.

आधी हे शेवटचं घेते, कारण ते जिवावर बेतणारं आहे. बॉर्डरलाइन असलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. नाटक कसलं? मरायची भाषा ऐकली की जवळ बसायचं, सरळ विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते नव्याने भरत नाही. काही सुचेनासं झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालू, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. काका, फॉरवर्ड करायचं तर हा नंबर करा.

आणि बोलून काय होतं? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी बॉर्डरलाइन असलेल्या, वारंवार स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांवर वर्षभर बोलण्याचीच थेरपी केली. १९९१ साली निष्कर्ष छापून आले: नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या स्त्रियांमध्ये इजेचे प्रसंग कमी, दवाखान्यात काढलेले दिवसही कमी.

आमच्या घरचं सांगते, भाचीला विचारूनच. ताई कापडाच्या मागांच्या कारखान्यात जाते. मागांच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही. तिने फोन उचलला नाही की पोरीच्या छातीत धडधड सुरू, ‘आई मला सोडून गेली’, मग तीस-तीस मिस्ड कॉल. थेरपीत तिला वही घालून दिली आहे: काय झालं, मनात काय आलं, भीती दहापैकी किती. मागच्या गुरुवारचं पान ताईनेच मला दाखवलं होतं. ‘आईने फोन उचलला नाही. ९. माग चालू असतील. १० मिनिटं थांबले. ६.’ त्या दिवशी ताईच्या फोनवर दोनच मिस्ड कॉल होते. नऊवरून सहा, तेही गोळीशिवाय. याला भीती वाढणं म्हणायचं?

सुरुवातीचे आठवडे जड जातात, दाबून ठेवलेलं वर येतं, हे मान्य. चार बैठकांत काही होत नाही, हेही मान्य. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना बॉर्डरलाइनसाठी तीन महिन्यांहून कमी मुदतीची थेरपी देऊच नका म्हणतात. म्हणजे जास्त दिवस करा, सोडून द्या नव्हे.

गोळीचंही तिथेच लिहिलंय. केवळ या विकारासाठी म्हणून औषध नको. अगदी कठीण प्रसंगी शामक गोळी दिलीच तर जपून, आणि एका आठवड्याहून जास्त नाही. फॉरवर्ड रोज द्या म्हणतो! सोबत दुसरा आजार असेल तर औषध लागू शकतं, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. आणि चालू असलेली गोळी आपल्या मनाने तोडूही नका.

राहिला स्वभाव. अमेरिकेतच २९० रुग्णांना दहा वर्षं पाहिलं, त्यातल्या बहुतेकांची लक्षणं ओसरली आणि निदान दोन वर्षं तरी ओसरलेलीच राहिली.

काल सकाळी मीच फोन करून मंगळवारची वेळ परत मागून घेतली. पाचची आहे. ताई त्या दिवशी अर्ध्या पाळीने सुटणार आहे.